ओहळापलीकडचा वाघ

रंजनाच्या पायावर कुणी पाय दिला, तरी माफी रंजनाच मागते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि तेही माझ्याच गाडीत. विठ्ठलवाडी आगारात मी एसटीची कंडक्टर आहे. माणूस तिकीट कसं मागतो त्यावरून तो घरी कसा असेल, हे मला बऱ्यापैकी सांगता येतं. काही जण हुकूम सोडल्यासारखं मागतात, काही जण उपकार केल्यासारखं. रंजना मात्र चूक कबूल केल्यासारखं मागायची. त्या दिवशी एक आडदांड माणूस तिचा अंगठा चिरडून उभा होता आणि ही त्याला म्हणत होती, "चुकलंच माझं, पाय आत घ्यायला पाहिजे होता." मला असला संताप आला की त्या माणसाला सोडून मी हिलाच झापलं. त्यावर ती मलाही म्हणाली, "चुकलं, ताई."

ही बाई चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मधली भिंत इतकी पातळ की तिच्या घरी फोडणी पडली की शिंक मला यायची. तिचं माहेर बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अलीकडे डोंगराला चिकटलेली ठाकर आदिवासींची एक वाडी. वयात आली तशी मामीबरोबर उल्हासनगरला आली आणि कॅम्पातल्या एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली. पँट शिवून झाली की जागोजाग दोऱ्यांची टोकं लोंबत असतात. ती कात्रीनं कापून पँट साफ करायची, की मग ती इस्त्रीला जाते. इस्त्रीवर शशिकांत होता, मूळचा सोलापूरकडचा. शशिकांत सांगतो, "सेठ सिंधी, मशीनवाले यूपीचे, मी सोलापूरचा आणि ही ठाकरांची. भांडायचं कुठल्या भाषेत तेच कळेना, म्हणून मग लग्न केलं."

पोरं झाल्यावर रंजनानं कारखान्याचं काम घरी आणलं. सकाळी रिक्षातून पँटींचे गठ्ठे यायचे, संध्याकाळी साफ होऊन जायचे. थोरला करण त्या गठ्ठ्यांवरच निजला, त्यांनाच धरून उभा राहिला. धाकटी राजसी झाली तेव्हा तो आईशेजारी बसून बोथट कात्रीनं धागे कापायला शिकला होता. कापताना कपड्याचा बारीक निळा धुरळा उडतो. तो भांड्यांवर बसतो, पांघरुणावर बसतो. करणचं नाक पुसलं की रुमाल निळा व्हायचा. आम्ही त्यावर हसायचो. "रंजना, तुझं पोर आतूनही जीन्सचंच आहे वाटतं," असं मीच एकदा म्हटलं होतं.

मग करण खोकायला लागला. आधी हिवाळ्यात, मग बारा महिने. भिंतीपलीकडून तो खोकला ऐकत मी कूस बदलायचे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात काय काम चालतं?" रंजनानं हात पुढे केले. तिची नखं बोलत होती. धागे कापणाऱ्या बाईची नखं निळीच असतात. डॉक्टर म्हणाले, "हा धुरळा बंद करा आणि जमलं तर पोराची हवा बदला."

घरी येऊन ती माझ्या उंबऱ्यात बसली. "ताई, हे मीच घातलंय त्याच्या छातीत. स्वतःच्या हातानं. काम करताना त्याला मांडीवर घेऊन बसत होते मी."

"अगं, हौस म्हणून बसत होतीस का?"

"कशासाठी का असेना, घातलं तर मीच ना."

तिनं गठ्ठे बंद केले. पण आमच्या गल्लीत दर घरात तेच काम. शेजारणींना काय सांगणार? दार लावून घेतलं तर आत गुदमरायला होतं. दोन-चार महिने असेच काढून एक दिवस तिनं ठरवलं की पोरांना घेऊन माहेरी, वाडीवर राहायला जायचं. शशिकांत कारखाना सोडू शकत नव्हता. त्यानं चाळीतच राहायचं आणि सुटीच्या दिवशी वाडीवर यायचं. शशिकांत आठवडाभर गप्प होता. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "सगळं जग वाडीवरून इकडे येतंय आणि तू कसली उलटी गंगा वाहवतेस? करणची शाळा, मित्र, बाप, सगळं एका दमात काढून घेणार?"

"मला कळतंय, ताई," ती म्हणाली. "पण खोकलाही मीच दिलाय ना त्याला."

शाळा सुरू व्हायच्या आधी ती निघाली, माझ्याच गाडीनं. बोचकी, डबे, मांडीवर राजसी आणि खिडकीशी करण. पाठीवरचं दप्तर त्यानं बसल्यावरही काढलं नव्हतं. शशिकांत खिडकीखाली उभा राहून गज धरून काहीतरी गमतीचं बोलत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. मी तिकिटं फाडत त्यांच्या सीटपाशी आले तेव्हा करण आईला विचारत होता, "मम्मी, वापस कब यायचं?"

"तुझा खोकला गेला की."

"गेला की लगेच?"

"लगेच."

"प्रॉमिस?"

"हो रे बाबा, प्रॉमिस."

रडणाऱ्या पोराला गाडीत बसवायला प्रत्येक आई असं काहीतरी बोलते. मी रोज ऐकते. मी डबल बेल दिली आणि गाडी हलली.

वाडीचा थांबा डांबरी रस्त्यावर आहे. तिथून पायवाटेनं आत गेलं की घरं. माझी त्या मार्गावर ड्युटी असली की रंजना कधीकधी थांब्यावर भेटायची. गाडी थांबेल तेवढ्यात बोलून घ्यायची. पहिल्याच महिन्यात तिनं सांगितलं, "ताई, खोकला गेला बघा करणचा. अगदी गेला." तिचा चेहरा भरला होता, नखांचा निळा रंग गेला होता. मी शशिकांतला जाऊन सांगितलं, शशिकांतनं कारखान्यात सांगितलं, सेठनं म्हणे पेढे मागवले. ती स्वतः भेटेल त्याला तेच सांगायची. मला वाटलं, चला, बाई शहाणी ठरली, तोंड आपलंच काळं झालं.

करणही असायचा थांब्यावर. तो मात्र आईसारखा भरला नव्हता. गाडीच्या दाराशी येऊन आत डोकावायचा आणि विचारायचा, "मावशी, पप्पा आहेत?"

"आज नाही रे राजा. सुटीच्या दिवशी येणार ना."

"हां," म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. वाडीतल्या पोरांनी त्याचं नाव 'पँट' पाडलं होतं, कारण चिखलातसुद्धा तो पायघोळ जीन्स घालून फिरायचा. ती काढायला तयार नव्हता. पोरं झाडावर चढायची, हा खाली उभा. पोरं खेकडे धरायची, हा लांब उभा. त्यांची बोली याला निम्मी कळायची आणि याची हिंदी ऐकून ती खिदळायची.

गणपतीनंतर एका सुटीला मी मुद्दाम वाडीवर गेले. रंजनाचे वडील सुकऱ्याबाबा ओटीवर बसून टोपली विणत होते. भावजय गोदूनं मला बसायला चटई टाकली आणि दोन वाक्यांत सगळं घर उभं केलं: "तुमची रंजना सकालपासून राबं, कुनी सांगितला नाय तरी. जसा काय आमी तिला काढूनच देनार हाव." गोदूची जीभ तिखट, पण पोरांच्या ताटात भाकरी वाढताना स्वतःच्या आणि नणंदेच्या पोरांत ती फरक करत नव्हती, ते मी बघितलं.

दुपारी रंजना आणि मी आंब्याखाली बसलो. ती गवत उपटत होती. मग म्हणाली, "ताई, मला इथं झोप लागते. उल्हासनगरला इतक्या वर्षांत लागली नाही अशी. सकाळी उठले की बरं वाटतं. आणि बरं वाटलं की लगेच वाईट वाटतं."

"का?"

"पोरांसाठी आले म्हणते मी सगळ्यांना. पण बरं मला वाटतंय आणि तोंड करणचं सुकलंय. मग मी कोणासाठी आले?"

तेवढ्यात समोरून करण पळत गेला. तोंडावर हात घट्ट दाबलेला. गोठ्याच्या मागे दिसेनासा झाला आणि जरा वेळानं परत आला तेव्हा डोळे लाल, गाल ओले. मी लेकुरवाळी नसले तरी रडून आलेलं पोर ओळखते. रंजनाची पाठ होती, तिला दिसलं नाही. तिला सांगावं की नाही याचा मी निघेपर्यंत विचार केला आणि थांब्यावर आल्यावर सांगून टाकलं: "अगं, करण गोठ्यामागं जाऊन रडतो. बापाची आठवण येत असेल."

ती पांढरी पडली. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाली. मग गाडी येईपर्यंत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत राहिली, "त्याला इथल्या पोरांत मिसळायला पाहिजे. एकदा मिसळला की रमेल."

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी या वाड्यांमध्ये वाघोबाची पूजा असते. शिवेवर, ओहळाच्या अलीकडच्या काठाला, वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. गुराख्यांची पोरं घरोघर फिरून तांदूळ, गूळ मागतात, दगडापाशी सगळ्यांची मिळून खीर शिजते आणि मग वाघाचा खेळ होतो. एका पोराला वाघ करतात, अंगावर राखेचे आणि गेरूचे पट्टे ओढतात आणि बाकीची सगळी वाडी काठ्या आपटत, थाळ्या वाजवत त्याला शिवेपार पिटाळते. पिटाळताना विचारतात, आमच्या शिवारात येशील का, आमची गाय खाशील का. वाघ "नाही, नाही" म्हणत पळतो. एवढं झालं की वर्षभर गुरांना भीती नाही.

रंजनानं मला खिरीला बोलावलं होतं. त्या दिवशी शशिकांतला सुटी नव्हती. दिवाळीचा माल निघायचा होता. आदल्या दिवशी सुकऱ्याबाबांनी पोरांना गोष्ट सांगितली होती, ती मी पोचले तेव्हा करणनं मला पुन्हा सांगितली. वाघानं वाघोबाच्या दगडासमोर शब्द दिला, की या शिवेच्या आत पाय ठेवणार नाही. त्यानं शब्द मोडला तर वाडीतली गुरं मरतील. "आज्याची कवडी पण मरेल," करण म्हणाला. कवडी म्हणजे सुकऱ्याबाबांची पांढऱ्या ठिपक्यांची गाय. वाडीत आल्यापासून करणची कोणाशी दोस्ती झाली असेल तर या गाईशी.

वाघ कुणाला करायचं याची बोलणी चालली होती. गोदूचा पोरगा उड्या मारत होता. तेवढ्यात रंजना पुढे झाली. "बा, औंदा वाघ करणला करा."

सुकऱ्याबाबांनी विणकाम थांबवलं. "त्याला खेल ठाव नाय."

"आमाला तरी कुनी शिकवला होता?"

खरंच कुणी कुणाला शिकवत नाही. म्हातारा करणकडे बघून म्हणाला, "बरा. होऊ दे त्याचा."

ती मागे लागून काही मागते आहे, हे मी पहिल्यांदा बघत होते. तिनं स्वतः करणचा शर्ट काढला, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बोटानं पट्टे ओढले. पोरं भोवती जमली होती. 'पँट' म्हणून चिडवणारी पोरं आता "ए करण, डोळ्यांभोवती पन काढ" म्हणत होती. त्याला ते आवडत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"मम्मी, मी काय करायचं?"

"पळायचं. विचारलं की 'नाही येणार' म्हणायचं आणि ओहळ ओलांडून पलीकडे जायचं."

"फिर?"

पण तेव्हाच थाळ्या वाजायला लागल्या आणि पोरांनी त्याला दगडाकडे ओढत नेलं.

वाघ छान पळाला, हे कबूल करायला पाहिजे. पोरं काठ्या आपटत मागे, म्हातारेकोतारे थाळ्या बडवत मागे. "येशील का र आमच्या शिवारी?" "नाही येणार!" "आमची गाय खाशील का?" "नाही खाणार!" आणि सगळ्यांच्या पुढे रंजना होती. पदर खोचून, तोंडभर हसत. इतक्या वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ती नेहमी तोंडावर हात ठेवून हसते, हसण्याबद्दलही माफी मागितल्यासारखी. करण ओहळात घोट्याएवढ्या पाण्यात पोचला तेव्हा ती काठावरून ओरडली, "येशील का परत? बोल, येशील का?"

करण थांबला. वळून त्यानं आईकडे बघितलं. ती हसतच होती.

"नाही येणार," तो म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. मग पलीकडे चढला आणि कारवीच्या झुडपांत शिरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोदू मला म्हणाली, "भाचा नाटकात काम करंल असा हाय."

पानं मांडली. पहिली खीर वाघाची, म्हणून करणचं पान आधी वाढलं. पोरं जेवायला बसली. करणचं पान तसंच. "अंग धूत असंल ओहलावर," गोदू म्हणाली. पोरांची दुसरी खीर झाली. रंजना उठून ओहळापर्यंत गेली, हाक मारून आली. परत गेली. या वेळची हाक वेगळी होती आणि ती ऐकून माणसं पानांवरून उठली.

ओहळ पुढे उतरत जातो आणि खाली बारवीचं पाणी आहे. ते कुणी बोललं नाही, पण दोन-तीन गडी न सांगता त्याच दिशेनं पळाले. काही जण रस्त्याकडे गेले, पोरगं बस धरायला गेलं असेल म्हणून. ऊन डोंगराच्या पाठीमागे उतरत होतं. "करण, ए करण," सगळीकडून हाका. उत्तर नाही. गोदू राजसीला कडेवर घेऊन उभी होती आणि राजसीही बोबड्या आवाजात दादाला हाका मारत होती.

रंजना ओहळाच्या काठाला उभी होती. मी तिचा हात धरला, तो गार होता. ती "चुकलंच माझं" म्हणाली नाही. ते ऐकायची मला इतकी सवय होती की ते न ऐकल्यानं मला भीती वाटली.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही लहानपणी लपाछपी खेळला असाल. राज्य संपलं की बाहेर यायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही. माहीतच असतं ते."

"इथल्या पोरांनाही माहीतच असतं. वाघ झाडामागं जातो, राख पुसतो आणि हळूच येऊन पानावर बसतो. दोन वर्षांचं पोर कडेवर बसून ते बघतं." तिनं ओहळापलीकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या पोरानं कधी बघितलंय? त्याला परत यायचं कुणी सांगितलंच नाही. मी उलट विचारलं त्याला, येशील का म्हणून."

ती पाण्याच्या कडेला बसली आणि कारवीकडे बघून तिनं हाक मारली. करणला नाही. "वाघोबा," ती म्हणाली, "जवळ आहेस का?"

पलीकडे झुडूप हललं. अगदी समोर, हाक मारायचीही गरज पडू नये इतकं जवळ. गडी वर-खाली सगळीकडे पळत होते आणि तो तिथंच, एका खडकाच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सगळ्या हाका त्यानं ऐकल्या होत्या.

"मी येऊ शकत नाही," तो म्हणाला. "मी आलो तर कवडी मरेल."

रंजना पाण्यात उतरली.

"तू नको येऊ इकडे. तू पण वाघ होशील."

"होऊ दे." ती पलीकडे जाऊन त्याच्यासमोर बसली. मीही मागोमाग गेले. पट्टे घामानं ओघळले होते. तो आमच्याकडे न बघता खडकावरची राख नखानं खरवडत होता.

"घाबरलास?"

"नाही." मग खडक खरवडतच म्हणाला, "तिकडनं खोकला झाला म्हणून काढलं. इकडनं वाघ झालो म्हणून."

"कुणी काढलं रे, राजा?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. "तूच तर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागानं बोलला असता तर तिला बरं पडलं असतं.

"खोकला गेला ना माझा?" तो म्हणाला. "तू सबको सांगतेस. मग नेलं का नाही? तू प्रॉमिस केलं होतंस, बसमध्ये. मावशीनं पण ऐकलंय."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ऐकलं होतं मी. पोराच्या तोंडावर खोटं कुठं बोलू?

"करण," रंजना हळूच म्हणाली, "खोकला खरंच गेला?"

करणची छाती आत्ताही वर-खाली होत होती आणि त्यानं ओठ घट्ट मिटले होते.

"आला की गोठ्यामागं जातो," तो म्हणाला. "शर्ट तोंडात धरतो. मग आवाज येत नाही."

म्हणजे तो रडत नव्हता. महिनोन्महिने हे एवढंसं पोर बापाकडे परत जाता यावं म्हणून खोकला गिळत होतं आणि त्याची आई सगळ्या गावाला पेढे वाटल्यासारखं सांगत सुटली होती, की खोकला गेला.

रंजना रडली नाही. तिनं पदर ओहळात बुडवला आणि त्याच्या कपाळावरचा पट्टा पुसला. मग गालावरचे, मग छातीवरचे. त्या छातीवर तिचा हात जरा जास्त वेळ राहिला.

"शब्द वाघानं दिला होता," ती म्हणाली. "तो वाघ गेला डोंगरात. तो पाळेल. तू करण आहेस. तू कुणाला कसलाही शब्द दिलेला नाहीस."

"पण मी बोललो ना, नाही येणार."

"तो खेळ होता. खेळ संपला की घरी यायचं असतं. हे सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही." तिनं पदर पिळला. "आणि बसमध्ये शब्द मी दिला होता, तोही मी पाळला नाही. खोकला जाईल तेव्हा परत जाऊ, हे मी तुला गप्प बसवायला बोलले. तुझ्या खोकल्यामुळं आपण आलो नाही, करण. धुरळ्यामुळं आलो. आणि तो धुरळा घरात मी आणला होता."

"मैं भी कापत होतो धागे," करण म्हणाला.

"तू खेळत होतास रे."

वाडीच्या बाजूच्या काठावर सुकऱ्याबाबा येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागे हळूहळू बाकीची माणसं जमली.

"आता खोकला आला तर?" करणनं विचारलं.

"तर खोकायचं."

"मग पप्पांकडे नाही ना जाता येणार?"

"त्याचा आणि याचा काही संबंध नाही. कुठं राहायचं ते आपण तिघं बसून ठरवू. तू, मी आणि पप्पा." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "ताई, उद्या पहिल्या गाडीनं शशीला पाठवा. सेठला काय सांगायचं ते त्याचं तो सांगेल. त्याला म्हणावं, पोराचा खोकला गेलेला नाही आणि पोराला विचारायचंच राहिलंय." आणि तिनं करणच्या पाठीवर हात ठेवला. "खोक, बाळा. दाबू नकोस."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग पलीकडच्या माणसांकडे, मग आईकडे. आणि खोकला. आधी एकदा, घाबरत घाबरत. मग जो सुटला तो थांबेना. एवढ्याशा छातीत इतका खोकला कुठं मावला होता कोण जाणे. रंजनानं त्याला उचलून कडेवर घेतलं, तो कडेवर घ्यायच्या वयाचा राहिला नव्हता तरी, आणि ओहळात पाय घातला. काठावरची माणसं बाजूला झाली. गोदूनं खिरीवर झाकलेलं पान काढलं.

वाडीच्या चढावर तो खोकत होता आणि प्रत्येक खोकल्याला, हाकेला ओ द्यावी तशी, ती म्हणत होती, "हो बाळा. हो. ऐकतेय मी."